मुखपृष्ठ नसलेला वेताळ

मिरजेच्या रद्दीवाल्या चाचांचा फोन आला तेव्हा मी शाळेतल्या वह्या तपासत बसलो होतो. "सर, तुमच्या त्या भुताची पुस्तकं आल्यात बघा. एका जाड वहीत बांधल्यात सगळी. पण कव्हर एकालाबी न्हाई. ठेवू का घालू रद्दीत?" ठेवा, निघालोच, म्हणालो आणि वह्या तशाच टाकून गाडी काढली. सांगली ते मिरज जेमतेम दहा किलोमीटर. पण तेवढ्या वेळात दुसरं कुणी येऊन गठ्ठा उचलला तर, ही धाकधूक आज वीस वर्षं झाली तरी गेलेली नाही.

चाचांनी गठ्ठा गल्ल्याखाली जपून ठेवला होता. लाल रेक्झिनची पाठ, कडेला वाळवीने केलेली नक्षी, आणि आत एकावर एक शिवलेले सतरा अंक. कुठल्या तरी वाचनालयाने बांधून घेतलेले. बाइंडरने सगळी मुखपृष्ठं काढून टाकली होती, आणि तिन्ही बाजूंनी कटिंग मारताना चित्रांच्या कडाही कापल्या होत्या. पहिलं पान उघडलं. कवटीच्या गुहेत, त्या दगडी सिंहासनावर वेताळ बसलेला, आणि त्याच्या डोक्यावरच्या फुग्यात मराठी. मी तिथेच रद्दीच्या पोत्यावर बसून चार पानं वाचून काढली.

मी गोळा करतो ते इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक. ज्यांनी ते पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन कंपनीने १९६४ च्या मार्चमध्ये ही मालिका सुरू केली. पुढे १९६७ मध्ये अमर चित्र कथा काढणारे अनंत पै सुरुवातीला याच कामात होते. पहिल्या अंकात वेताळाच्या, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमच्या, कमरेच्या पट्ट्याची गोष्ट होती आणि किंमत होती ६० पैसे. पहिले ३२ अंक एकट्या वेताळाचे. मग जादूगार मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, रिप किर्बी, बझ सॉयर, गार्थ असे पाहुणे येत गेले. १९७६ च्या डिसेंबरात आबिद सुरतींचा बहादूर आला. कुर्ता आणि जीन घातलेला, डाकूंशी लढणारा, पूर्णपणे आपल्या मातीतला नायक. आधी मासिक, मग पाक्षिक, मग साप्ताहिक असं करत १९९० मध्ये मालिका थांबली, तोवर आठशेवर अंक निघाले होते.

पण माझा जीव वेताळावर. ली फॉकने त्याला १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात आणलं. अंगाला घट्ट बसणारा पोशाख, चेहऱ्यावर मुखवटा, आणि मुखवट्यातून बुबुळ न दिसणारे पांढरे डोळे. सुपरमॅन आला तो १९३८ मध्ये. म्हणजे सुपरहिरोंच्या घराण्यात वेताळ थोरला. त्याला उडता येत नाही, गोळी लागली तर रक्त येतं. त्याची खरी ताकद एवढीच, की बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो आणि जंगलाला वाटतं हा चारशे वर्षं मेलाच नाही. आपण वाचतो तो एकविसावा.

आमच्या घरी तो मामाच्या पिशवीतून आला. मामा रेल्वेत गार्ड होता, आणि मिरज जंक्शनच्या पुस्तकांच्या स्टॉलवरून तो दर खेपेला एक अंक आणायचा. मी तेव्हा तिसरीत. आजीला अक्षर ओळख होती तेवढ्यावर तिने कव्हरवरचं नाव वाचलं आणि अंक उचलून देवघराच्या विरुद्ध बाजूला ठेवला. "तिन्हीसांजेला वेताळाचं नाव काढू नये." तिचं बरोबरच होतं. इंग्रजीतला फँटम म्हणजे नुसतं एक भूत. मराठीतला वेताळ म्हणजे भुतांचा राजा. गावाच्या शिवेवर त्याचा शेंदूर फासलेला दगड असतो, अमावास्येला त्याची पालखी निघते असं म्हणतात, कोकणात आणि गोव्यात तर तो गावाचा राखणदार. ज्यांनी कुणी हे नाव निवडलं त्यांनी एका शब्दात त्या अमेरिकन माणसाला इथल्या शिवेवर आणून उभं केलं. त्याच विचाराने आणखीही बदल झाले. मूळच्या चित्रपट्ट्यांमधला वेताळाचा देश बेंगाला इथे डेंकाली झाला, सिंग नावाचे समुद्री चाचे सिंगा झाले. आम्ही पोरं गावाबाहेरच्या त्या शेंदरी दगडापुढून जाताना मुठी आवळून जायचो. भीती वाटायची, पण आपल्या बाजूचा आहे असंही वाटायचं.

ते लहानपणचे अंक आता नाहीत. वाचून वाचूनच संपले. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्या गल्लीत, उन्हाळ्याच्या सुट्टीत दहा पैसे भाड्याने. परत आला तर पाठ सुटलेली, मधली पानं गायब. मराठी अंक आज दुर्मीळ का, याचं माझं उत्तर हेच आहे. इंग्रजी अंक ज्या घरांत गेले तिथे पुष्कळदा कपाट होतं. मराठी अंक गेले ते दप्तरातून, चड्डीच्या खिशातून, गुरांमागे.

गोळा करायला लागलो २००४ मध्ये. आधी काहीच कळत नव्हतं. मिळेल ते घ्यायचो, इंग्रजी, हिंदी, मराठी. पुण्याला कामासाठी गेलो की मुक्काम असा धरायचा की रविवार किंवा बुधवार गाठला जाईल, कारण मंगळवार पेठेतला जुना बाजार त्याच दिवशी भरतो. तिथे नटबोल्ट आणि जुन्या घड्याळांच्या मध्ये एखादा माणूस पोत्यावर पुस्तकं मांडून बसलेला असतो. वरची दहा पुस्तकं नेहमीच भविष्य नाहीतर गाइडं. हात खाली घालायचा. इंद्रजालची जाडी बोटांना कळायला लागते. पातळ, मऊ, आणि मध्ये दोन पिना.

यादी करायला मी फार उशिरा शिकलो, आणि ते आधी शिकायला हवं होतं. चारशेच्या घरापर्यंत अंकांचे क्रमांक सलग चालतात. पुढे वर्ष २०, अंक १ अशी मोजणी सुरू होते. हे माहीत नसल्यामुळे मी एकच अंक दोनदा घेतला आहे, आणि हाताशी आलेला नवा अंक जुना समजून सोडूनही दिला आहे. आणखी एक सांगतो. १२३ आणि १२४ हे क्रमांक मी तीन वर्षं शोधले. सांगली, कोल्हापूर, पुणे, मुंबईत माटुंग्याचे फूटपाथ, सगळीकडे विचारलं. शेवटी नाशिकच्या एका जुन्या संग्राहकाने फोनवर सांगितलं, "अहो, ते निघालेच नाहीत. संपामुळे राहिले ते." मला त्या दिवशी वाईट वाटलं नाही, बरंच वाटलं. यादीतली दोन भोकं एका फोनवर बुजली. हे नाशिकचे गृहस्थ पुढे माझे मित्र झाले. त्यांच्याकडे इंग्रजी अंक जवळपास सगळे आहेत.

त्यांच्याच घरी माझं ठरलं. त्यांनी इंग्रजी अंकांची एक पेटी उघडली. कोरे करकरीत, जणू काल छापलेले. सुंदर होते, आणि तरी माझा हात सारखा माझ्या पिशवीतल्या एका फाटक्या मराठी अंकाकडे जात होता. मी विचार केला की या पातळ पुस्तकात इथलं असं काय आहे? गोष्ट फॉकची. चित्रं आधी रे मूरची, मग विल्सन मकॉयची, मग साय बॅरीची. इथल्या गोष्टी दोनच. एक मुखपृष्ठ, कारण कित्येक मुखपृष्ठं बी. गोविंद यांनी इथे मुंबईत रंगवली, आणि मागच्या पानावरची ती भिंतीवर लावायची चित्रंही. आणि दुसरं, फुग्यांतलं मराठी. इंग्रजी अंक जपणारे जगभर आहेत. मराठी अंक जपायचा तो मराठी माणसानेच. त्या दिवसापासून मी इंग्रजी आणि हिंदी अंक विकत घेणं बंद केलं. होते ते ठेवले, अदलाबदलीला उपयोगी पडतात.

बाजारात मात्र उलटं दिसतं. मराठी अंक सापडणं कठीण, पण विकणाऱ्याला त्याचं मोल माहीत नसतं. सुरुवातीला वीस रुपयांना मिळालेला अंक आहे माझ्याकडे, आणि परवा एकाला आठशे मोजले तोही. आठशे देताना खिशाकडे पाहत नाही, पिनांकडे पाहतो. एकदा एका विक्रेत्याने पोस्टाने पाठवलेला अंक चक्क रंगीत झेरॉक्स निघाला, वरून चहाच्या पाण्याने पिवळा केलेला. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून खिशात भिंग असतं. जुन्या छपाईत रंग ठिपक्याठिपक्यांनी भरलेला असतो, गालावरचा गुलाबीसुद्धा भिंगाखाली लाल ठिपके होऊन दिसतो. नकलेत तसे स्वच्छ ठिपके दिसत नाहीत, सगळं माखल्यासारखं दिसतं. पिनांचंही तसंच. चाळीस-पन्नास वर्षांच्या पिनेने कागदावर गंजाचा डाग सोडलेला असणारच. चकचकीत पिन आणि पिवळा कागद एकत्र दिसले की मी अंक खाली ठेवतो.

२०१९ च्या जुलैअखेर माझ्याकडे मराठी २१४ अंक होते.

आमचं घर सांगलीच्या गावभागात, कृष्णेपासून फार लांब नाही. २००५ च्या पुरात आमच्या बाहेरच्या खोलीत गुडघाभर पाणी आलं होतं, आणि त्याची रेघ आम्ही भिंतीवर मुद्दाम राखून ठेवली होती. गावभागात पुष्कळांच्या घरात तशी रेघ आहे. त्या रेघेच्या वर ठेवलेली वस्तू सुरक्षित, हा चौदा वर्षांचा हिशेब. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाणी चढायला लागलं तेव्हा मीही तोच हिशेब केला. इंग्रजी-हिंदीच्या दोन ट्रंका आधीपासूनच माळ्यावर होत्या. मराठी अंक मी यादीसाठी खाली काढलेले, ते लोखंडी कपाटाच्या तिसऱ्या खणात रचले. रेघेच्या दीड फूट वर. आईला घेऊन आम्ही विश्रामबागला बहिणीकडे गेलो. माळ्यावर चढवायला फार तर वीस मिनिटं लागली असती.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं.

स्वातंत्र्यदिनाच्या दिवशी घरी परतलो. दार फुगलेलं, ते खांद्याने लोटलं. आत सगळीकडे तळपायभर गाळ, आणि तो वास. पुराचं घर ज्याने उघडलंय त्याला तो वास सांगावा लागत नाही. नवीन रेघ माझ्या छातीला लागत होती. कपाटाचं दार गाळामुळे उघडेना. उघडलं तेव्हा तिसऱ्या खणात अंक होते तसेच होते, रचलेले, सरळ, आणि वरपासून खालपर्यंत भिजून एकजीव झालेले. मी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातले होते, पण पिशवीचं तोंड उघडं. पाणी आत शिरलं आणि पिशवीनेच ते धरून ठेवलं.

बायको म्हणाली, "आधी आईंची खोली धुऊ या. हे मी बघते, तुम्ही हात लावू नका, तुमचे हात थरथरतायत." तिने अंक खणासकट बाहेर काढले, म्हणजे खणाचा पत्राच काढला, आणि अंगणात सावलीत ठेवला. आज तिला मी याचं श्रेय देतो, कारण मी त्या क्षणी पहिलाच अंक उघडायला गेलो असतो आणि तो चिंध्या होऊन हातात आला असता.

पुण्यात जुन्या पोथ्या आणि कागदपत्रांचं जतन करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांचा नंबर नाशिकच्या मित्राने दिला. त्यांनी फोनवर चार गोष्टी सांगितल्या आणि मी त्या पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतल्या. उघडू नका. उन्हात ठेवू नका. गाळ असेल तर मिटलेल्या अवस्थेतच स्वच्छ पाण्यात धुवा. आणि आज जेवढे वाळवता येणार नाहीत तेवढे गोठवा. ओल्या कागदाला दोन दिवसांत बुरशी धरते, गोठवलं की ती जागच्या जागी थांबते. बर्फ झालेला अंक महिने थांबू शकतो, ओला अंक एक दिवसही थांबत नाही.

गोठवायचे कुठे? सांगलीच्या आसपास शीतगृहांना तोटा नाही, इकडचा बेदाणा त्यांतच राहतो. पण तिथे थंडावा असतो, बर्फ नाही. मग आतेभाऊ आठवला. त्याचं मिरजेत आइस्क्रीमचं दुकान, आणि पावसाळ्यात त्याचा एक डीप फ्रीजर रिकामाच असतो. फोन केला तर म्हणाला, "अरे, विचारतोस काय? घेऊन ये."

दोन रात्री आम्ही अंगणात बसून अंक धुतले. गावातली वीज अजून आली नव्हती, कंदील लावलेला. मोठी परात, टँकरचं पाणी, हातात रबरी मोजे, नाकाला फडकं. एक अंक पाठीकडून धरायचा, घट्ट मिटलेला ठेवायचा, आणि पाण्यात हळूच पुढे-मागे हलवायचा. कडेने गाळाचा तपकिरी धूर निघतो. तो निघायचा थांबला की वर उचलायचा, निथळू द्यायचा, बटर पेपरमध्ये गुंडाळायचा आणि भाजीच्या क्रेटमध्ये पाठ खाली करून उभा ठेवायचा. मुखपृष्ठाचा कागद गुळगुळीत, वरचा लेप भिजून चिकट झालेला. दोन अंक एकमेकांना चिकटलेले दिसले तर ओले असतानाच सुटतात, एकदा वाळले की कधीच नाही. हे बाईंनी सांगितलं होतं, तरी त्यावर विश्वास बसायला मला तीन मुखपृष्ठं गमवावी लागली.

५१ अंकांची वीट झाली होती. खालचा थर, सगळ्यात जास्त दिवस पाण्यात राहिलेला, काळ्या बुरशीने भरलेला. ते वेगळे ठेवले आणि शेवटी नदीच्या गाळाबरोबर गेले. बाकीचे १६३ मिरजेच्या फ्रीजरमध्ये गेले.

सप्टेंबर ते डिसेंबर आमच्या घरात हेच चाललं होतं. दर शनिवारी दहाएक अंक घेऊन यायचे. रात्रभर फडक्यावर ठेवून बर्फ उतरू द्यायचा. सकाळी पहिलं काम पिना. गंजून कागदात रुतलेल्या असतात, त्या चाकूच्या टोकाने उचलून चिमट्याने ओढायच्या, घाई केली की मधलं पान गेलंच. मग पान पान सुटं करून मध्ये कोरा न्यूजप्रिंट घालायचा. एका छापखान्यातून मी रिळाच्या उरल्यासुरल्या कागदाचे ताव आणले होते. छापलेलं वर्तमानपत्र चालत नाही, त्याची शाई वेताळाच्या पाठीवर उमटते. दर तीन-चार तासांनी ताव बदलायचे. मी शाळेत असायचो तेव्हा दुपारचे ताव बायको बदलायची, आणि संध्याकाळी मला सांगायची की आज मँड्रेकचं काय झालं. पंखा अगदी मंद, तोही छताकडे वळवून. कागद हाताला गार लागेनासा झाला की दोन पाटांच्या मध्ये ठेवून वर शहाबादी फरशीचा तुकडा. आठवडाभर.

एका अंकाबद्दल मला खास सांगायचं आहे. वेताळाचाच, इस्लामपूरच्या एका रद्दीत मिळालेला. आतल्या पहिल्या पानाच्या समासात एका मुलाने आपलं नाव लिहिलं होतं, शाईच्या पेनने, वळणदार. खाली बॉलपेनने, बहुधा पुढे कधीतरी, 'इयत्ता ५ वी ब'. पुराआधी मी ते नाव कितीदा तरी वाचलेलं. बर्फ उतरल्यावर पान सुटं केलं तर नावाच्या जागी फिकट निळा ढग होता. शाईचं नाव वाहून गेलं, बॉलपेनची इयत्ता राहिली. नाव मला पाठ आहे. पण मी ते परत लिहिलेलं नाही, ते त्याच्या अक्षरात होतं. संग्राहकांत अशा लिहिलेल्या अंकाचा दर्जा उतरवतात, किंमत कमी करतात. मला हे मुळीच पटत नाही. भरलेलं शब्दकोडं, खलनायकाला काढलेल्या मिश्या, वाचनालयाचा शिक्का, 'वाचून परत द्यावे' हे सगळं त्या अंकाचं आयुष्य आहे. मी कुठलंही खोडत नाही.

१६३ पैकी १३१ वाचण्याजोगे वाळले. मुखपृष्ठासकट ३८.

त्यानंतर अंक ठेवण्याची माझी पद्धत पूर्ण बदलली. आता पिना कुठल्याच अंकाला नाहीत. त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवतो. फाटलेल्या जागी सेलोटेप लावत नाही, ती वर्षांनी पिवळी पडते आणि आपला चिकटा कागदात सोडून जाते. गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ करायची आणि पातळ जपानी कागदाची पट्टी मागून लावायची, पुढून दिसतही नाही. न्यूजप्रिंट लाकडाच्या लगद्याचा, त्याच्यात आम्ल असतंच, तो आपोआप पिवळा आणि ठिसूळ होत जातो. ते थांबवता येत नाही, संथ करता येतं. म्हणून प्रत्येक अंकामागे आम्लरहित पुठ्ठा आणि वर पॉलिप्रॉपिलीनची पिशवी. पीव्हीसीची अजिबात नको, ती काही वर्षांत चिकटायला लागते. कसरीसाठी कापडाच्या पुरचुंडीत वेखंड, आणि दमटपणासाठी सिलिका जेल. दसऱ्यानंतर आणि शिवरात्रीच्या सुमारास सगळे अंक घरात सावलीला मांडून वारा देतो. आणि पेट्या माळ्यावर, सगळ्यात वरच्या फळीवर. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा मी निवांत झोपलो.

तर चाचांच्या गठ्ठ्याकडे परत येतो.

घरी आणून आधी पूर्ण गठ्ठा पिशवीत बंद करून पंधरा दिवस आतेभावाच्या फ्रीजरमध्ये ठेवला, वाळवी आणि कसर मरावी म्हणून. मग पाठ सोडवली. बाइंडरने सरसाचा थर असा चोपडला होता की कोमट पाण्याच्या बोळ्याने एकेक इंच ओलावून काढायला चार रविवार गेले. सतरा सुटे अंक हाती आले, आणि खरा प्रश्न पुढे आला. क्रमांक असतो मुखपृष्ठावर. मुखपृष्ठ नाही, तर हा अंक कितवा?

नाशिकच्या मित्राला प्रत्येक अंकाच्या पहिल्या चौकटीचा फोटो पाठवला. चित्र तर तेच, भाषा तेवढी वेगळी. त्यांनी आपल्या इंग्रजी पेट्या उघडल्या आणि रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत चौदा क्रमांक आले. वेताळ आणि डायनाच्या लग्नाचा तर त्यांनी फोटो पूर्ण उघडायच्या आधीच ओळखला. पंधरावा आणि सोळावा दुसऱ्या दिवशी. सतराव्याला मात्र पहिली दोन पानंही नव्हती, आणि गोष्ट अशी की जी मालिकेत पुढे पुन्हा छापली गेली होती. म्हणजे गोष्ट ओळखूनही क्रमांक दोन निघत होते. इंद्रजालमध्ये पानांत बसवायला चौकटी कापायचे, म्हणून मी आणि ते फोनवर चौकटी मोजत बसलो, पान अमुक, ओळ तमुक, तुमच्याकडे घोडा डावीकडे आहे का, आहे, पुढच्या चौकटीत वेताळाचा मित्र गुरण दिसतो का, नाही दिसत. दुसऱ्या छपाईत ती चौकट होती. पहिल्या छपाईत नव्हती. माझ्याकडचा पहिला होता.

मी तो रात्री परत एकदा अथपासून इतिपर्यंत वाचला. मुलगी शेजारी येऊन बसली, ती आता अकरावीत आहे. तिने मधलं एक पान मोठ्याने वाचलं, त्यात वेताळ कुणाला तरी सांगतो की तू खरं बोललास म्हणून जिवंत आहेस. तिने विचारलं, "बाबा, याचं कव्हर कसं होतं?" इंग्रजी अंकाचा फोटो दाखवला. तिने बराच वेळ पाहिला.

मुखपृष्ठाची रंगीत नक्कल छापून वर लावता आली असती, मित्राने तसं सुचवलंही. मी नको म्हणालो. अंकाच्या मापाचा एक पांढरा आम्लरहित पुठ्ठा कापला, पुढे ठेवला, आणि उजव्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलने क्रमांक लिहिला. खाली लिहिलं, 'मुखपृष्ठ नाही. पहिली दोन पानं नाहीत. बाकी मराठी मजकूर पूर्ण.'